आग्नेय कोपरा

भाऊसाहेबांचा एकही अंदाज आजवर खरा ठरलेला नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे तुम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवाल आणि बोल मला लावाल. अंदाज हवामानाचे नव्हेत, निवडणुकीचेही नव्हेत. 'दूरदेश' नावाच्या खेळाचा पुढचा भाग कोणता निघणार, एवढा एकच विषय. या एका विषयात ते सत्तावीस वर्षं सलग चुकत आले, आणि चुकण्यातलं सातत्य हीसुद्धा एक निष्ठाच असते असं माझं मत आहे.

खेळ बैठा. टेबलावर नकाशा पसरायचा आणि भोवती चौघांनी बसायचं. त्यातला एक सूत्रधार. तो सांगतो, 'तुमच्यासमोर दरी आहे, पूल तुटलाय.' बाकीचे तिघं आपापल्या पात्राच्या वतीने सांगतात की आम्ही दोर टाकतो, किंवा मागे फिरतो, किंवा पूल तोडणाऱ्याचा खिसा कापतो. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. वीस पडले तर वाहवा, एक पडला तर सत्यानाश. जिंकणं नाही, हरणं नाही आणि संपणंही नाही. पहिल्याच वर्षी भाऊसाहेबांच्या बायकोने विचारलं होतं, "मग आज जिंकलं कोण?"

"तसं नसतं ते."

"मग चार तास करत काय होता?"

"दरी ओलांडत होतो," भाऊसाहेब म्हणाले. त्यानंतर त्या माउलीने पुन्हा काही विचारलं नाही.

खेळाची जागा म्हणजे दातांच्या डॉक्टरांची वेटिंग रूम. दर शनिवारी दुपारी दोनला दवाखाना बंद झाला की बाकडी सरकवायची, जुनी मासिकं माशांच्या काचपेटीवर ठेवायची आणि टेबल मधोमध ओढायचं. टेबलाचा एक पाय आखूड. त्याखाली घडी घालून ठेवलेलं दातांच्या निगेचं माहितीपत्रक सत्तावीस वर्षांत फक्त दोनदा बदललं. मंडळी चार. पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक विभागात हेडक्लार्क असलेले भाऊसाहेब, हे सूत्रधार. चौकातल्या टेलरिंगच्या दुकानाचे मास्तर, हे खेळात चोर. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या ताई, आयुष्यभर लोकांशी अदबीने बोलून कंटाळल्यामुळे खेळात राक्षसीण. आणि स्वतः डॉक्टर, हे घोडेस्वार. एकदा उशिरा आलेला एक पेशंट सुजलेला गाल धरून दाराशी उभा होता. आत ताई शांत आवाजात म्हणाल्या, "त्याला सोडू नका, जबडाच फोडा." तो माणूस एक चप्पल तिथेच सोडून गेला. ती चप्पल अजून कपाटावर आहे.

खेळ म्हणाल तर दोन तासांचा. उरलेले दोन तास पुढच्या भागाच्या चर्चेत जायचे. खेळ छापणारी कंपनी दर तीन-चार वर्षांनी एक नवा भाग, म्हणजे नव्या मुलखाचं पुस्तक, काढी. चौथ्या भागात समुद्र येणार असं भाऊसाहेबांनी छातीठोकपणे सांगितलं, दलदल आली. सहाव्यात दलदल वाढणार म्हणाले, वाळवंट आलं. नवव्या भागाच्या वेळी त्यांनी सगळ्या शक्यता एकदम सांगून ठेवल्या, तर कंपनीने जुनाच पहिला भाग दुरुस्त्यांसह छापला. पण एका गोष्टीवर त्यांची श्रद्धा अढळ होती. कधी ना कधी आग्नेय भाग येणारच.

त्याला कारण होतं. पहिल्या भागातल्या नकाशात डोंगर, नद्या, किल्ले अशी नुसती दाटी आहे. बोट ठेवायला जागा नाही. फक्त उजवीकडे खाली, आग्नेय कोपऱ्यात, बारीक रेघेने आखलेला एक पांढरा चौकोन. आत एक अक्षर नाही. भाऊसाहेबांची प्रत म्हणजे दुकान उघडल्या उघडल्या घेतलेली पहिली प्रत, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली. म्हणून तो चौकोन त्यात स्वच्छ दिसायचा. इतरांच्या प्रतींवर दुकानदाराने नेमका तिथेच शिक्का हाणलेला असे. "एवढ्या मोठ्या नकाशात यांना जागा मिळाली ती हीच," असं म्हणून भाऊसाहेब हळहळत.

मग त्या चौकोनात काय असेल यावर शनिवारमागून शनिवार गेले. तिसऱ्या भागात चौकोनालगतच्या एका गावात मीठ फार महाग आहे. त्यावरून ताईंनी अनुमान काढलं की पलीकडे समुद्र नाही. मास्तर म्हणाले, "समुद्र असेल, पण मिठावर कोणीतरी बसलं असेल." पाचव्या भागात एक नावाडी म्हणतो की तिकडचं मला विचारू नका. या एका वाक्यावर चौघांनी तीन पावसाळे काढले.

आणि घोडेस्वार. बावीस वर्षांपूर्वी डॉक्टरांचा घोडेस्वार त्या रेघेपाशी पोचला आणि थांबला. बाकीचे परत फिरले, डॉक्टर म्हणाले, "मी इथेच थांबतो. पुढचा भाग आला की निघू." त्यांनी इतर मोहिमांसाठी दुसरं पात्र म्हणून एक वाटाड्या घेतला, पण घोडेस्वार रेघेवरच. घोडेस्वार म्हणजे मास्तरांनी दिलेलं कोटाचं एक काळं बटण. दर शनिवारी खेळ सुरू होण्याआधी डॉक्टर ते बटण नकाशावर ठेवत आणि म्हणत, "घोड्याला चारा घातला असं धरा." भाऊसाहेब मान डोलवत.

आता तुम्ही म्हणाल, सूत्रधारच तो, सांगून टाकायचं होतं काहीतरी मनाचं. तर तिथेच घोडं अडलं होतं. भाऊसाहेबांचं तत्त्व होतं की छापील नाही ते अधिकृत नाही. एकदाच, फार पूर्वी, त्यांनी पुस्तकात नसलेली एक विहीर मनाने सांगितली होती. मास्तरांचा चोर तिच्यात पडला. छापील नसलेल्या विहिरीत छापील चोर पडू शकतो का, यावर सहा शनिवार भांडण झालं आणि मास्तरांनी भाऊसाहेबांची पँट मुद्दाम आखूड शिवली. तेव्हापासून पुस्तकाबाहेरचा एक शब्द नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका शनिवारी डॉक्टरांनी बटण ठेवलं आणि चाऱ्याचं न बोलता म्हणाले, "दवाखाना दिला मी. पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला मुलीकडे जातोय. कायमचा."

काचपेटीतल्या पाण्याचा बुडबुड आवाज तेवढा येत होता.

"हात थरथरतो हो आता," डॉक्टर म्हणाले. "लोकांच्या तोंडात घालायचा हात तो. आणि मुलगी एकटं राहू देत नाही. माझं काही नाही, मी जाईन. या घोडेस्वाराचं तेवढं वाईट वाटतं. जाण्याआधी एकदा पलीकडे बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं."

त्यांनी हे हसत हसत म्हटलं, पण भाऊसाहेबांना ते लागलं. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. बायकोने कारण विचारलं. त्यांनी सांगितलं.

"अहो मग कंपनीला पत्र लिहा आणि सरळ विचारा, तो भाग कधी काढताय."

सरळ विचारलं की उत्तर येत नाही, हा एकतीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव होता. साधी पत्रं कशी बाजूला पडतात हे त्यांना माहीत होतं, कारण ती तेच बाजूला ठेवत. म्हणून त्यांनी ठरवलं की आजवरचे सगळे पुरावे एकत्र मांडून रीतसर अंदाज तयार करायचा. कंपनीला कळू दे की इथे अभ्यासू लोक बसलेत.

जिन्यात खालच्या मजल्यावरचे विमावाले भेटले. या गृहस्थांना सल्ला देण्याचा पगार मिळत नाही एवढंच. "एकट्या कंपनीला पाठवू नका," ते म्हणाले. "खाली लिहा, प्रत माहितीसाठी. चार ठिकाणी प्रत गेली की माणूस घाबरतो. मी पॉलिसीच्या वेळी हेच करतो."

"कुणाला पाठवू?"

"कुणालाही. नुसतं प्रत म्हटलं की झालं."

भाऊसाहेबांनी पाच पानी अंदाज टाइप केला. आता माणसाचा हात एकतीस वर्षं एका वळणाने चालला की तो मालकाचं ऐकत नाही. वर जावक क्रमांक आला. विषय आला, संदर्भ आला. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आग्नेय भाग पुढील महिन्याच्या अठ्ठावीस तारखेपूर्वी प्रसिद्ध होणे अपेक्षित आहे' असं वाक्य आलं. मंडळाच्या पंधराव्या वाढदिवसाला ताईंनी हौसेने करून दिलेला 'दूरदेश मंडळ' असा गोल शिक्का घरी होता, तो बसला. आणि सहीखाली हात आपोआप लिहून गेला : 'हेडक्लार्क, आवक-जावक विभाग, पाणीपुरवठा कार्यालय', पत्त्यासकट. एक प्रत कंपनीला, एक खेळांच्या दुकानाला, एक वाचनालयाला आणि तीन दुसऱ्या गावांतल्या मंडळांना.

त्याचा परिणाम त्यांना शनिवारी कळला. मास्तर आत येतानाच म्हणाले, "भाऊसाहेब, दुकानाच्या काचेवर काय लावलंय बघितलं का? आग्नेय भाग जाहीर झाला."

"कोणी जाहीर केला?"

"तुम्ही."

भाऊसाहेब धावत गेले. काचेपुढे सात-आठ जण उभे होते. दुकानदार हात जोडून बाहेर आला. "साहेब, आधी सांगायचं ना, तुम्ही आतले आहात म्हणून." भाऊसाहेब म्हणाले, हा फक्त अंदाज आहे. दुकानदाराने शिक्क्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मग हे काय आहे?" पाणी सोडणारं खातं जादूच्या देशाचं पुस्तक कशाला काढेल, असा प्रश्न एकाही माणसाला पडला नव्हता. जावक क्रमांक दिसला की माणसं प्रश्न विचारायची थांबतात, हे भाऊसाहेबांना नोकरीमुळे ठाऊक होतं. आपल्याच बाबतीत ते असं उलटेल असं मात्र वाटलं नव्हतं.

सोमवारपासून ऑफिसात फोन यायला लागले. आग्नेय भाग कधी मिळेल? फोनवर बसणाऱ्या बाईंना काही उमजेना, पण न उमजलेल्या गोष्टीचं ठरलेलं उत्तर त्यांच्याकडे होतं. "लेखी अर्ज करा, पंधरा दिवसांत कळवण्यात येईल." दुसऱ्या आठवड्यात एक्केचाळीस अर्ज आले. कोणी दोन प्रती मागितल्या होत्या, कोणी आजारपणाचं कारण देऊन प्राधान्याने मागितली होती. एका आजोबांनी डॉक्टरी दाखलाही जोडला होता. विभागातल्या नव्या क्लार्क मुलीने ते सगळे इमानेइतबारे आवक करून घेतले, क्रमांक टाकले आणि गठ्ठा हेडक्लार्कच्या, म्हणजे भाऊसाहेबांच्या टेबलावर आणून ठेवला. आवक झालेला कागद नाहीसा करता येत नाही. ते पाप भाऊसाहेबांच्या हातून सात जन्मांत झालं नसतं.

साहेबांनी बोलावलं. भाऊसाहेब आयुष्यात पहिल्यांदा खाली मान घालून साहेबांपुढे उभे राहिले. त्यांची मान एरवी पंख्याखाली कागद उडाला तरच खाली जायची.

"हा आग्नेय भाग आपल्या खात्याकडे आहे का?"

"नाही साहेब."

"मग ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे वर्ग करून टाका," साहेब म्हणाले आणि चहा प्यायला लागले. त्यांना बाकी काही जाणून घ्यायचं नव्हतं. साहेब होण्यासाठी हाच गुण लागतो, तो भाऊसाहेबांत कमी पडला.

एक्केचाळीस अर्ज खात्याच्या लिफाफ्यात, खात्याच्या पत्रासह, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' कंपनीकडे रवाना झाले. आणि अंदाजाच्या पाच पानांना दाद न देणाऱ्या कंपनीने सरकारी लिफाफ्याला आठ दिवसांत उत्तर दिलं. सव्वीस तारखेला ते आवक टेबलावर आलं. भाऊसाहेबांनी क्रमांक टाकला, तारीख टाकली आणि मग चष्मा पुसून वाचायला घेतलं.

'आपल्या खात्याचे पत्र व एक्केचाळीस अर्ज मिळाले. पाणीपुरवठा खात्याने आमच्या खेळात लक्ष घालण्याचे कारण समजले नाही, तरी खुलासा पुढीलप्रमाणे. नववा भाग हा शेवटचा होता. छापखाना विकला आहे. आता कार्यालयात मी व एक शिपाई एवढेच आहोत. नकाशाच्या आग्नेय कोपऱ्यातील चौकोन विक्रेत्याचा शिक्का मारण्यासाठी मोकळा सोडला होता. आपल्या प्रतीवर शिक्का नसल्यास ती विक्रेत्याची चूक समजावी. त्या ठिकाणी काय आहे हे आम्हांस माहीत नाही. आपणांस माहीत असल्यास कृपया कळवावे. संपादक.'

विक्रेत्याची चूक. भाऊसाहेबांना ती सकाळ लख्ख आठवली. दुकानदाराने शिक्का उचलला होता, पॅडवर दाबलाही होता. आणि सत्तावीस वर्षांनी तरुण असलेले भाऊसाहेब म्हणाले होते, "असू द्या हो, नकाशा खराब होईल."

एकतीस वर्षं ज्याने दिवसाला शंभर शिक्के मारले, ज्याला कुठल्या कागदावर शिक्का कुठे बसतो हे डोळे मिटून सांगता येतं, त्या माणसाला शिक्क्याची जागा ओळखू आली नव्हती. त्या दुपारी त्यांनी एकही शिक्का मारला नाही. क्लार्क मुलीने विचारलं, बरं वाटत नाही का? ते म्हणाले, "नाही वाटत."

घरी बायकोने पत्र वाचलं. तिला हसू आलं होतं, पण नवऱ्याचं तोंड बघून तिने ते गिळलं. "डॉक्टरांना सांगणार?"

"तेच कळत नाही. सांगितलं तर बावीस वर्षं मातीत. नाही सांगितलं तर ते तिकडे वाट बघत बसणार."

"माणसाला कशाची तरी वाट बघू द्यावी," बायको म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण खोटं तुम्हाला जमत नाही. कान लाल होतात."

शेवटचा शनिवार अठ्ठावीस तारखेलाच आला. वेटिंग रूममधली काचपेटी गेली होती, भिंतीवर तिचा चौकोन उरला होता. दारावर नव्या डॉक्टरची पाटी लागली होती. टेबल तेवढं तसंच होतं, ते नव्या डॉक्टरला नको होतं. ताईंनी डबाभर बिस्किटं आणली होती आणि कोणीही खात नव्हतं. मास्तर उगाच खडूने टेबलावर रेघा ओढत होते. डॉक्टरांनी बटण रेघेपाशी ठेवलं.

"चारा घातला असं धरा," ते म्हणाले. "आलं का काही?"

भाऊसाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी खिशातून पत्र काढलं आणि विषय-संदर्भासकट मोठ्याने वाचून दाखवलं. शिक्क्याची ओळ त्यांनी दोनदा वाचली.

आधी ताई हसल्या, मग मास्तर. शेवटी डॉक्टरांचे खांदे हलायला लागले आणि ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसताना त्यांना जरा जास्तच वेळ लागला. "म्हणजे माझा घोडा बावीस वर्षं," ते म्हणाले, "दुकानदाराच्या शिक्क्यासाठी ताटकळत होता."

"माझी चूक," भाऊसाहेब म्हणाले. "मीच नको म्हटलं होतं."

"बरं झालं नको म्हटलंत. नाहीतर आम्ही थांबलो कशाला असतो?" डॉक्टरांनी पत्र स्वतःकडे ओढलं आणि थरथरतं बोट शेवटच्या ओळींवर ठेवलं. "हे वाचलंत ना नीट? त्यांना माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर कळवा म्हणतात. लेखी आहे, भाऊसाहेब. अधिकृत आहे."

आणि त्यांनी काळं बटण उचलून रेघेच्या पलीकडे, पांढऱ्या चौकोनात ठेवलं.

"मी निघालो. काय दिसतंय?"

तिघं भाऊसाहेबांकडे बघत राहिले. समोर पुस्तक नव्हतं, पान नव्हतं, काही नव्हतं. भाऊसाहेबांनी दोनदा घसा साफ केला.

"वाट आहे," ते म्हणाले. "पाऊलवाट. घोड्यापुरती. उतरणीला एक घर दिसतंय. ओसरीवर बाकडी आहेत. आतून लोकांच्या गप्पांचा आवाज येतोय. एक माणूस बाहेर येतो. म्हणतो, फार उशीर केलात, घोडं बांधा आणि आत या. टेबल मांडलेलंच आहे."

"टेबल हलतं का?" मास्तरांनी विचारलं.

"एक पाय आखूड आहे."

"विहीर आहे का आसपास?"

"आहे. पण झाकलेली आहे, मास्तर." मास्तरांनी मान खाली घातली आणि खडू खिशात ठेवला. त्या दिवशी चारऐवजी सहा तास झाले आणि पुढच्या भागाचा विषय कोणी काढला नाही.

तीस तारखेला डॉक्टर गेले. त्यांच्या मुलीने एकदा व्हिडिओवर खेळायची सोय करून दिली. तासभर तिघांना डॉक्टरांच्या खोलीचं छत दिसलं, म्हणून तो नाद सोडला. शेवटी पत्रं ठरली. भाऊसाहेब दर शनिवारी दुपारी लिहायचे, कारण त्या वेळी दुसरं काय करायचं हे त्यांना सुचत नव्हतं. जावक क्रमांक १, विषय : आग्नेय भागातील प्रवास. पुढे काय दिसतं ते सांगायचं, डॉक्टरांनी तिकडे फासा टाकून आकडा कळवायचा.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. फासा थांबायच्या आत डॉक्टरांच्या करंगळीचं टोक त्याला लागतं, असा मास्तरांचा सत्तावीस वर्षांचा आरोप होता. म्हणून डॉक्टरांच्या फाशावर तिघांची नजर ठेवायची असा नियम होता, आणि तरीही त्यांना वीस फार पडत. तिकडे तर नजर ठेवायला कोणी नाही. "आता बघा, रोज वीसच पडणार," मास्तर म्हणाले होते.

तिसऱ्या पत्रात भाऊसाहेबांनी लिहिलं की घोडेस्वारासमोर दरी आहे, उडी घ्यावी लागेल, फासा टाकावा. आठवड्याच्या आत उत्तर आलं. अक्षर वेडंवाकडं झालं होतं.

'फासा टाकला. एक पडला. इथे बघायला कोणीच नाही, म्हणून खरं काय ते कळवतो. घोडेस्वार दरीत गेला असं धरा. चांगला होता बिचारा. आपला, डॉक्टर.'

एक म्हणजे सत्यानाश. छापील नियम होता, पहिला भाग, पान चौदा. त्या नियमाने भाऊसाहेबांनी आजवर तीन चोर, एक राक्षसीण आणि स्वतःच्या बायकोने हौसेने एकदा घेतलेली राजकन्या निकालात काढली होती. कधी कोणाची गय केली नव्हती. त्यांनी पत्र आवक करून घेतलं, तारीख टाकली, कोरा कागद ओढला आणि उत्तर लिहिलं.

'जावक क्रमांक ४. विषय : फासा. संदर्भ : आपले पत्र. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर फासा साक्षीदारांच्या गैरहजेरीत टाकलेला असल्याने तो ग्राह्य धरता येत नाही. घोडेस्वार दरीच्या काठावर सुखरूप उभा आहे. घोड्याला चारा घातला आहे. कृपया फासा पुन्हा टाकावा, आणि गरज वाटल्यास करंगळी लावावी.'

खाली सही केली. सहीखाली या वेळी हात हेडक्लार्क लिहायला निघाला होता, तो त्यांनी थांबवला आणि लिहिलं, सूत्रधार.